इतरांनी सोडलेल्या खेळाडूंचा संघ पहिल्याच वर्षी प्ले-ऑफमध्ये! काय आहे 'गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज'ची गोष्ट?

अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, म्हणजेच डब्ल्यूएनबीएमध्ये, २०२५ साली एक नवा संघ उतरला. नाव 'गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज', घर सॅन फ्रान्सिस्को. नव्या संघाने पहिल्या वर्षी फक्त शिकायचं असतं, असा या लीगचा आजवरचा अनुभव. पण व्हॅल्किरीजने ४४ पैकी २३ सामने जिंकले आणि थेट प्ले-ऑफ गाठली. लीगच्या इतिहासात पदार्पणाच्या हंगामात असं करणारा हा पहिलाच विस्तार-संघ.

हा संघ आला कुठून?

एनबीएमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सचे मालक जो लेकब आणि पीटर गुबर यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये हा संघ मिळाला. त्यासाठी त्यांनी सुमारे ५ कोटी डॉलर मोजल्याचं सांगितलं जातं. त्याआधी लीगमध्ये शेवटचा नवा संघ २००८ मध्ये आला होता. त्या अटलांटा ड्रीमने पहिल्या वर्षी ३४ पैकी फक्त ४ सामने जिंकले होते.

उत्तर कॅलिफोर्नियात महिला बास्केटबॉलचा प्रेक्षक आधीपासून होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या महिला संघाने तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं आहे. पण २००९ मध्ये सॅक्रामेंटो मोनार्क्स हा संघ बंद पडल्यापासून या भागाला डब्ल्यूएनबीएमध्ये स्वतःचा संघ नव्हता.

खेळाडू कसे मिळाले?

नव्या संघासाठी 'एक्स्पान्शन ड्राफ्ट' होतो. जुन्या १२ संघांनी आपापले जास्तीत जास्त ६ खेळाडू राखून ठेवायचे आणि उरलेल्यांपैकी प्रत्येक संघातून एक खेळाडू नव्या संघाने उचलायचा, असा नियम होता. थोडक्यात, ज्यांच्यावाचून जुन्या संघांचं अडत नाही, अशाच खेळाडू नव्या संघाच्या वाट्याला येतात. ६ डिसेंबर २०२४ रोजी व्हॅल्किरीजने अशा ११ जणी निवडल्या.

त्यातली एक केला थॉर्नटन. २०१४ मध्ये तिला ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नव्हतं. न्यूयॉर्क लिबर्टीच्या २०२४ च्या विजेत्या संघात ती राखीव खेळाडू होती. व्हॅल्किरीजकडून खेळताना ती पहिल्यांदाच ऑल-स्टार झाली.

दुसरी व्हेरोनिका बर्टन. कनेटिकट सनमध्ये तिची सरासरी सामन्यामागे ३ गुणांच्या आसपास होती. इथे भरपूर वेळ मैदानावर मिळाल्यावर ती जवळपास १२ वर गेली. हंगामात सर्वाधिक सुधारणा करणाऱ्या खेळाडूचा पुरस्कार तिलाच मिळाला.

प्रशिक्षक नताली नकासे यांचं वेगळेपण काय?

नकासे या डब्ल्यूएनबीएच्या पहिल्या आशियाई-अमेरिकन मुख्य प्रशिक्षक. त्याआधी त्यांनी जपानमध्ये पुरुषांच्या व्यावसायिक संघाला प्रशिक्षण दिलं होतं. २०२२ आणि २०२३ मध्ये विजेत्या ठरलेल्या लास व्हेगास एसेसच्या त्या सहायक प्रशिक्षक होत्या.

संघात एकही सुपरस्टार नव्हती. त्यामुळे नकासे यांनी कडक बचाव आणि तीन गुणांचे फटके यांवर भर दिला. गुण करण्याचं ओझं एकीवर न टाकता सगळ्यांमध्ये वाटलं. जूनमध्ये युरोबास्केट स्पर्धेसाठी काही प्रमुख खेळाडू मायदेशी गेल्या. जुलैत थॉर्नटनच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तिचा हंगामच संपला. तरीही ४ सप्टेंबरला डॅलस विंग्सला हरवून संघाने प्ले-ऑफमधली जागा पक्की केली. वर्षातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार नकासे यांना मिळाला.

प्रेक्षक किती आले?

घरच्या मैदानावरचे, म्हणजे चेज सेंटरमधले, सगळे २२ सामने हाउसफुल्ल. दर सामन्याला १८,०६४ प्रेक्षक. हंगामभराची बेरीज जवळपास ४ लाख. नॉर्स पुराणकथांमध्ये रणांगणावर कोण मरणार हे ठरवणाऱ्या आणि वीरांना 'वल्हाला'त नेणाऱ्या स्त्रिया म्हणजे व्हॅल्किरी. म्हणून चाहत्यांनी या मैदानाचं नाव ठेवलं 'बॉलहाला'.

मग वाद कशाचा?

पैशांचा. 'फोर्ब्स'ने २०२५ मध्ये व्हॅल्किरीजचं मूल्य ५० कोटी डॉलर लावलं, म्हणजे प्रवेश शुल्काच्या दहापट. त्याच वर्षी लीगमध्ये एका संघाला सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून सुमारे १५ लाख डॉलरच खर्च करता येत होते. किमान वार्षिक पगार होता ६६,०७९ डॉलर.

नोकरीचीही शाश्वती नाही. बेल्जियमसाठी युरोबास्केट जिंकून परतलेल्या ज्युली व्हॅनलूला व्हॅल्किरीजने लगेच करारमुक्त केलं.

जुलै २०२५ च्या ऑल-स्टार सामन्याआधी सराव करताना खेळाडूंनी 'आमचं देणं आम्हाला द्या' अशा आशयाचे टी-शर्ट घातले. जुना वेतन करार ऑक्टोबरअखेर संपणार होता आणि लीगच्या वाढत्या कमाईत खेळाडूंना वाटा हवा होता. मालकांच्या बाजूनेही मुद्दा आहे. लीगने अनेक वर्षं तोटा सोसला आहे आणि संघाची किंमत वाढली म्हणजे हातात रोख पैसा आला, असं होत नाही.

पुढे काय?

प्ले-ऑफमध्ये मिनेसोटा लिंक्सने व्हॅल्किरीजला २-० ने हरवलं. चेज सेंटरमध्ये लेव्हर कप टेनिस स्पर्धा असल्यामुळे दुसरा सामना सॅन होजेमध्ये खेळावा लागला. तिथे मोठी आघाडी घेऊनही व्हॅल्किरीज ७४-७५ अशा, अवघ्या एका गुणाने हरल्या.

पण नव्या संघाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे गणित त्यांनी बदललं आहे. २०२६ साठी टोरांटो आणि पोर्टलंड हे संघ ठरले. त्यानंतर २०२८ ते २०३० दरम्यान क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फियाचा क्रम आहे. या तिघांचं प्रवेश शुल्क प्रत्येकी २५ कोटी डॉलर असल्याचं सांगितलं जातं. लीगचा दरवाजा पाचपट महाग झाला. आत खेळणाऱ्यांच्या पगारात त्यातलं किती उतरतं, हाच यापुढचा खरा सामना आहे.