डोंगराची साक्ष

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गडप झाले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस्. टी. च्या चालकास गाव जागेवर दिसेना, तेव्हा त्याच्या मुखाने ही वार्ता बाहेर गेली. ज्यांची घरे आणि देवळे सह्याद्रीच्या कुशीत आहेत अशा आमच्या वाचकांस, ही वार्ता डोंगर कोसळण्याआधी मिळू शकते काय, असा प्रश्न पडणे साहजिकच आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आम्हांस इटलीतील वाजोंतच्या खोऱ्यापर्यंत जावे लागते; कारण तेथील डोंगराने आपली साक्ष तीन वर्षे आधीपासून दिली होती, आणि ती कागदोपत्री नोंदलेलीही होती.

वाजोंतच्या अरुंद घळीत 'साडे' नामक वीजकंपनीने २६१ मीटर उंचीचे धरण बांधले. जलाशयाच्या काठी मोंते तोक हा डोंगर होता. तीना मेर्लिन या पत्रकार बाईंनी १९५९ मध्ये एर्तो गावच्या लोकांची भीती वर्तमानपत्रात मांडली, तेव्हा खोट्या व क्षोभकारक वार्ता पसरविल्याचा खटला त्यांच्यावर भरण्यात आला. ४ नोव्हेंबर १९६० रोजी तोकची सुमारे सात लक्ष घनमीटर दरड पाण्यात कोसळली व वर दोन किलोमीटर लांबीची भेग उघडी पडली. ३० नोव्हेंबरला मिलानच्या न्यायालयाने मेर्लिनबाईंस निर्दोष ठरविले. वकिलीच्या धंद्यात आम्ही साक्षीदार पुष्कळ पाहिले. पण निकालाच्या सव्वीस दिवस आधी आरोपीच्या म्हणण्यास डोंगराने असा दुजोरा दिल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यानंतर मोजणीत कसूर झाली असे म्हणता येणार नाही. डोंगरावर खुणा रोवून त्यांचे सरकणे टिपले जाई. जमिनीत छिद्रे पाडून आतील पाण्याचा दाब पाहिला जाई. जलाशय भरला की डोंगर सरके, पाणी उतरविले की मंदावे. एवढ्यावरून तज्ज्ञांनी असे मानले की, पाण्याची पातळी हाच या डोंगराचा लगाम असून तो आपल्या हाती आहे. लहान प्रतिकृतीवर प्रयोग करून ७०० मीटरची पातळी निर्धोक असल्याचा निर्वाळाही देण्यात आला. १९६३ च्या शरदात मात्र पाणी उतरविले तरी डोंगर थांबेना. शेवटी शेवटी तो दिवसास वीस सेंटीमीटर सरकू लागला. ८ ऑक्टोबरला तोकवरील वस्ती हलविण्याचा हुकूम निघाला, परंतु धरणाखालच्या लोंगारोने गावास कोणी काही कळविले नाही. ९ तारखेच्या रात्री १० वाजून ३९ मिनिटांनी सुमारे सव्वीस कोटी घनमीटर डोंगर जलाशयात आला आणि उसळलेली लाट धरणावरून खाली गेली. सुमारे १,९०० माणसे गेली. धरण आजही उभे आहे!

खटला चालला तो दूरच्या लाक्विला येथे. १९६९ च्या निकालात, दरड कोसळेल हे आधी कळण्याजोगे होते, हे न्यायालयाने मानले नाही. तरीही लोकांस सावध न केल्याबद्दल काही आरोपींस दोषी धरले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीची कल्पना येण्याजोगी होती, हेही मान्य केले. आम्हांस पहिला निकालच अधिक विचार करण्याजोगा वाटतो. अपघाताची खात्री नसतानाही सावध करण्याचे कर्तव्य उरतेच, हे त्यात गृहीत आहे.

आज ही साधने पुष्कळ सुधारली आहेत. केरळातील मुन्नारजवळच्या अँथोनियार वसाहतीच्या डोंगरात अमृता विद्यापीठाने जलदाब, कल व कंपने टिपणारे संवेदक खोलवर पुरले. त्यांच्या नोंदी बिनतारी मार्गाने व पुढे उपग्रहाद्वारे विद्यापीठात पोहोचतात. जुलै २००९ च्या मुसळधार पावसात त्यांनी धोका दाखविला, तेव्हा विद्यापीठाने शासनास कळविले, दूरचित्रवाणीवरून इशारा दिला, आणि लोकांस जागा सोडण्यास सांगण्यात आले. पाऊस ओसरला, दाब उतरला, डोंगर त्या वेळी जागीच राहिला. अशा प्रसंगी 'लोकांस उगाच घाबरविले' असे म्हणणारे निघतातच. मेर्लिनबाईंवरील फिर्यादीचा आशय तरी याहून निराळा कोठे होता?