दुखापतीनंतरचे व उत्तरवयातील खेळ

कायमची इजा झाल्यावर अथवा तारुण्य सरल्यावर, शरीराच्या उरलेल्या शक्तीशी जुळवून घेऊन खेळले जाणारे खेळ. यांचे स्थूलमानाने दोन प्रकार संभवतात : एकात खेळाडू नवाच खेळ पत्करतो (उदा., मुष्टियोद्ध्याने जलतरणाकडे वळणे), तर दुसऱ्यात खेळ तोच राहून त्याचे नियम बदलतात. चालत खेळावयाचा फुटबॉल हे दुसऱ्या प्रकाराचे अलीकडील उदाहरण होय.

महाराष्ट्रातील तालमींत उतारवयाच्या मल्लास मानाचे स्थान असे. गुडघा वा खांदा निकामी झालेला पैलवान आखाडा सोडीत नसे. तो वस्ताद होऊन नव्या पोरांना डाव शिकवी. मात्र ही सोय खेळण्याची नव्हे, तर शिकविण्याची होती. ज्यास स्वतः खेळावयाचे आहे, त्याच्यासाठी जुन्या क्रीडाव्यवस्थेत फारशी वाट नव्हती, असेच म्हणावे लागते.

आघातोत्तर क्रीडेचा आधुनिक पाया इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे घातला गेला. जर्मनीतून १९३९ मध्ये परागंदा झालेले मज्जातंतुतज्ज्ञ लुटव्हिख गुटमान (१८९९–१९८०) यांनी तेथे १९४४ मध्ये मणक्याच्या जखमींसाठी स्वतंत्र विभाग उघडला. त्यापूर्वी असा रुग्ण बहुधा शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी काही काळातच दगावे. त्यामुळे त्याच्यावर उपचार करण्याविषयीच वैद्यकात उदासीनता होती. गुटमान यांनी खेळ हा उपचाराचाच भाग मानला. धनुर्विद्येमुळे खांदे, दंड व पाठ यांचे स्नायू बळकट होतात आणि चाकाच्या खुर्चीत तोल सावरण्यास त्यांचाच उपयोग होतो, हे त्यामागील साधे शास्त्र. लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांचे २९ जुलै १९४८ रोजी उद्‌घाटन झाले, त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा भरविली. तीतून वाढत गेलेले सामने १९६० मध्ये रोम येथे भरले व ते पुढे पहिले पॅरालिंपिक म्हणून गणले गेले.

मराठी मुलखातील या संदर्भातील सर्वांत ठळक नाव मुरलीकांत राजाराम पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर परिसरात त्यांचा जन्म झाला. भूसेनेच्या विद्युत व यांत्रिकी अभियांत्रिकी दलात ते जवान होते आणि मुष्टियोद्धे म्हणून सैन्यात नावाजलेले होते. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या; एक गोळी मणक्यापाशी रुतून राहिली आणि कमरेखालील शरीर लुळे पडले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयातील उपचारांच्या काळात व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. पाण्यात शरीराचे वजन जाणवत नाही आणि पायांचे काम हातांनी भागविता येते. मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे येथे कामी आले. १९६८ च्या तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये भारत प्रथमच सहभागी झाला, त्या संघात पेटकर टेबल-टेनिस खेळले. त्यानंतर ते जलतरणाकडे वळले.

१९७२ चे पॅरालिंपिक ऑलिंपिकनगरी म्यूनिकऐवजी हायडल्‌बर्ग येथे झाले. तेथे पेटकरांनी ५० मी. मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिक किंवा पॅरालिंपिकमध्ये भारतीय खेळाडूने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक होय. ऑलिंपिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण (अभिनव बिंद्रा, नेमबाजी) त्यानंतर छत्तीस वर्षांनी, २००८ मध्ये आले. असे असूनही पेटकरांचे नाव बराच काळ मोजक्या जाणकारांपुरते राहिले. पुढे त्यांनी पुण्यास टेल्को कारखान्यात नोकरी केली. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव श्रेणीतील अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. म्हणजे पदक व हा पुरस्कार यांत बावन्न वर्षांचे अंतर पडले. विकलांगाचा खेळ ही दयेची बाब आहे, कर्तृत्वाची नव्हे, ही समजूत किती खोल होती, याचे हे अंतर म्हणजे पुरेसे माप आहे.

जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात पुण्याजवळील खडकीचे स्थान महत्त्वाचे आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था पुढे येथेच स्थिरावली. मणक्याच्या जखमींसाठीचे केंद्र येथे १९७४ मध्ये सुरू झाले. अलीकडे सैन्याने पुण्यात पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचीही व्यवस्था केली आहे. तेथे तयार झालेले होकाटो सेमा यांचा डावा पाय २००२ मध्ये सुरुंगस्फोटात गेला होता. वयाच्या तिशीत गोळाफेक शिकून चाळिसाव्या वर्षी, २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत सांगली जिल्ह्यातीलच सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मी. अंतरासह रौप्यपदक पटकाविले. लहानपणी सायकलवरून पडून त्यांचा डावा हात निकामी झाला होता.

पदकाची आकांक्षा नसलेल्या, केवळ वयाने मागे पडलेल्या खेळाडूचा विचार याहून उशिरा झाला. इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथील फुटबॉल क्लबशी संलग्न न्यासाने २०११ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी चालत खेळावयाचा फुटबॉल सुरू केला. मैदान लहान असते व एका बाजूस साधारणतः पाच ते सात खेळाडू असतात. धावणे निषिद्ध, एक पाऊल सतत जमिनीस टेकलेले असले पाहिजे, अन्यथा प्रतिपक्षास फ्री किक मिळते. चेंडू डोक्यापेक्षा उंच मारीत नाहीत व अंगाशी झोंबून चेंडू हिरावता येत नाही. या नियमांमागील कारण यामिकीचे आहे. धावताना पायावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो, चालताना तो वजनाहून थोडाच अधिक असतो. झिजलेल्या गुडघ्यास हा फरक निर्णायक ठरतो. तथापि एकदम वळणे वा पाय ताणणे यांनी येथेही इजा होतेच; हृदयविकार अथवा सांधेरोपण झालेल्याने वैद्यकीय सल्ल्याविना मैदानात उतरू नये. वेग गेल्यामुळे चेंडू देण्याची जागा आणि वेळ यांना महत्त्व येते, आणि जुन्या खेळाडूचे खरे भांडवल नेमके तेच असते.

महाराष्ट्रात या प्रकारास सर्वाधिक अनुकूल भूमी कोल्हापूरची म्हणता येईल. तेथील पेठांचे फुटबॉल संघ तालमींचीच नावे लावतात आणि निवृत्त खेळाडूंचा तालमीशी असलेला संबंध सहसा तुटत नाही. ग्रामीण भागाचा प्रश्न वेगळा आहे. निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या सायखेड्यासारख्या गावी साठीच्या शेतकऱ्यास चालण्याचा व्यायाम नव्याने सांगावा लागत नाही. त्याची कंबर व गुडघे कामानेच झिजलेले असतात. त्याला उणीव भासते ती बरोबरीच्यांसमवेत खेळण्याच्या निमित्ताची. जलतरणास तलाव व शिक्षक लागतो, चाकाची खुर्ची काळ्या मातीत पावसाळाभर रुतते. चालत्या फुटबॉलास मात्र शाळेच्या पटांगणाचा एक सपाट कोपरा, एक चेंडू आणि कोणी धावू लागल्यास त्याला थांबविणारा पंच एवढेच पुरते.