मठांची छायाचित्रे आणि खरवडलेला इतिहास

जुन्या वास्तूचे छायाचित्र हा निरपवाद पुरावा असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. पोथीकडे पाहताना आपण तिचा काळ, लेखनिक आणि पाठभेद विचारतो. छायाचित्राला हे प्रश्न फारसे विचारत नाही. पोर्तुगालमधील चर्च आणि मठ यांच्या छायाचित्रांचा इतिहास पाहिला, की हे प्रश्न किती आवश्यक आहेत ते ध्यानात येते.

30 मे 1834 च्या हुकुमाने पोर्तुगालमधील पुरुषांचे धार्मिक संघ विसर्जित झाले आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली. छायाचित्रणकलेचा उदय त्यानंतर पाच वर्षांनी झाला. म्हणजे कॅमेरा या मठांत पोचला तेव्हा संन्यासी केव्हाच निघून गेले होते. 1866 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाचे छायाचित्रकार चार्ल्स थर्स्टन थॉम्प्सन पोर्तुगालला गेले. बाताल्या येथील मठाच्या शिल्पालंकाराची त्यांनी घेतलेली छायाचित्रे त्यांच्या निधनानंतर, 1868 मध्ये, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. संग्रहालयाला हवे होते ते अलंकरणाचे नमुने. तिथली प्रार्थना वा दिनचर्या नव्हे. त्या ओवऱ्यांतील निःशब्दता पाहून आपण हळवे होतो, पण तिच्यामागे एक राजकीय हुकूम आणि एका संग्रहालयाची गरज उभी आहे.

दुसरे उदाहरण लिस्बनमधील बेलेम येथील जेरोनिमुश मठाचे. नाट्यगृहांचे पडदे रंगवणाऱ्या रांबुआ आणि चिनाती या दोन नेपथ्यकारांकडे त्याच्या नूतनीकरणाचे काम होते. डिसेंबर 1878 मध्ये त्यांनी उभारलेला मधला मनोरा कोसळला आणि काही कामगार मृत्युमुखी पडले. चर्चच्या बुरुजावर आज दिसणारा घुमटही एकोणिसाव्या शतकातलाच. त्याआधीच्या चित्रांत तेथे निमुळते छप्पर दिसते. आजचा प्रवासी मात्र तो घुमट सोळाव्या शतकाचा म्हणून टिपून घेतो.

विसाव्या शतकात हा प्रश्न अधिक गंभीर झाला. 1929 मध्ये राष्ट्रीय इमारती व स्मारकांसाठी सरकारी खाते स्थापन झाले. सालाझारच्या राजवटीला मध्ययुगीन, ‘निर्भेळ’ राष्ट्र हवे होते. त्यामुळे अनेक चर्चमधील बरोक वेद्या, लाकडी नक्षीकाम आणि गिलावा काढून टाकण्यात आला. आल्कोबासाच्या चर्चचे दर्शनी अंग बरोकच राहिले, पण आतील बरोक भर दूर होऊन आजचा उघडा, पांढुरका गाभा प्रकट झाला. या खात्याने 1935 पासून आपल्या कामाची पत्रके काढली आणि त्यांत ‘आधी’ व ‘नंतर’ची छायाचित्रे छापली. उद्देश होता आपल्या कर्तृत्वाची साक्ष देण्याचा. आज तीच छायाचित्रे काय नष्ट झाले याचीही साक्ष देतात.

साहित्याच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया परिचित वाटेल. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. संपादक प्रक्षिप्त ठरवून ओवी वगळतो, तेव्हा ती एखाद्या पोथीत शिल्लक राहू शकते आणि पुढचा संपादक त्याच्याशी वाद घालू शकतो. भिंतीवरून खरवडलेल्या दोन शतकांची मात्र दुसरी प्रत नसते. असलीच, तर ती छायाचित्रात असते.

हा वाद आपल्या दारापर्यंतही आला आहे. याच खात्यात स्मारकांचे काम पाहिलेले वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रू 1950 च्या दशकाच्या आरंभी गोव्यात आले. जुन्या गोव्यातील बॉ जेझुस बासिलिकेच्या बाह्य भिंतींवरचा चुन्याचा गिलावा त्या दशकात काढला गेला. उघड्या जांभ्याचा तो तांबूस रंग आज तिची ओळख बनला आहे आणि पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर तोच ‘प्राचीन’ म्हणून मिरवतो. पण सच्छिद्र जांभा पावसाचे पाणी शोषतो. गिलावा हे त्याचे संरक्षण होते. तो पुन्हा चढवावा अशी मागणी होते, तेव्हा आधार म्हणून त्यापूर्वीची छायाचित्रेच पुढे ठेवावी लागतात.

म्हणून अशा वास्तूंचे छायाचित्र घेणाऱ्याने सुंदर कोनाबरोबर तारीख, दिशा आणि भिंतीची अवस्थाही नोंदवावी. तडे, ओल, नवी डागडुजी चौकटीबाहेर ठेवू नये. आज जे कुरूप म्हणून टाळले जाते, ते उद्याच्या संशोधकाला हवा असलेला एकमेव पाठ ठरू शकते.