ड्राय सूट : पोशाख व त्याचे शिक्षण

थंड पाण्यात बुडी घेणाऱ्याच्या अंगास पाणी लागू न देता, शरीर व पोशाख यांच्यामध्ये हवेचा थर राखणारा, मानेशी व मनगटांशी घट्ट कडांनी बंद होणारा जलाभेद्य पोशाख. वेट सूटमध्ये पाण्याचा पातळ थर आत येऊन अंगाच्या उबेने तापतो. ड्राय सूटमध्ये पाण्यास मज्जावच असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, हे या पोशाखाचे प्रयोजन. परंतु त्याचे स्वतंत्र शिक्षण आवश्यक ठरते, ते आत कोंडलेल्या हवेमुळे.

इतिहास : फिनलंडमधील राहे येथील संग्रहालयात अठराव्या शतकातील एक चामडी पोशाख जतन केलेला असून उपलब्ध पाणबुडी-पोशाखांत तो सर्वांत जुना समजला जातो. चार्ल्स मॅकिंटॉश याने १८२३ मध्ये दोन कापडांमध्ये रबराचा थर घालून जलाभेद्य कापड बनविण्याचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी चार्ल्स डीन याने धुरात शिरण्यासाठी शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. डीन बंधूंनी पुढे हेच शिरस्त्राण पाण्याखाली नेले. पण त्यांचा पोशाख खालून उघडा असल्यामुळे पाणबुड्या वाकला वा पडला की पाणी थेट तोंडाशी येई. ऑगस्टस झीबे याच्या लंडनमधील कारखान्यात तयार झालेल्या बंद पोशाखाने हा धोका निवारला. या सुधारणेचे श्रेय झीबे, डीन की अन्य कोणाचे, याविषयी मतभेद आहेत.

बंद पोशाखाची खरी परीक्षा इंग्लंडमधील स्पिटहेड येथे झाली. २९ ऑगस्ट १७८२ रोजी बुडालेल्या ‘रॉयल जॉर्ज’ या युद्धनौकेचे अवशेष सुरुंगांनी फोडून नांगरवाडा मोकळा करण्याची कामगिरी कर्नल चार्ल्स पॅस्ली याच्याकडे सोपविण्यात आली होती, आणि १८३९ ते १८४३ या काळात त्याच्या हाताखालच्या पाणबुड्यांनी निरनिराळे पोशाख वापरून पाहिल्यानंतर झीबेचा बंद पोशाख सर्वांत उपयुक्त ठरला. सराईत पाणबुड्यांपैकी एकही जण संधिवाताच्या व सर्दीच्या वारंवार होणाऱ्या तक्रारींतून सुटला नाही, अशी नोंद पॅस्लीने केली आहे. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात त्यांतील काही तक्रारी रक्तात वायूचे बुडबुडे होण्याच्या व्याधीच्या असाव्यात. १८४२ मध्ये याच कामावरील एका सैनिकाची हवेची नळी फुटून पोशाखातील हवा निघून गेली व त्याची मान आणि चेहरा सुजला. दाबाने अंग आवळले जाण्याचे हे लेखी नमूद झालेले आरंभीचे उदाहरण होय. उलट प्रकारही या पोशाखानेच आणला : हवा पायांकडे गेली की माणूस उलटा होऊन फुग्यासारखा वर फेकला जाई. अमेरिकी नौदलाच्या मार्क ५ पोशाखात पायांच्या मागे नाड्या आवळण्याची तजवीज होती, ती याच भीतीने. आजच्या शिक्षणक्रमाचा गाभा म्हणजे या दोन जुन्या अपघातांचा बंदोबस्त होय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने स्लेडन सूट वापरला. झाक-ईव्ह कुस्तो याचा स्थिर घनफळाचा पोशाख १९४६ चा. स्वीडनमधील पोसायडन कंपनीच्या निओप्रीनच्या युनिसूटने आधुनिक प्रकार रूढ केला.

रचना : तीन थरांचे कापड, निओप्रीन किंवा व्हल्कनित रबर. छातीवर हवा घेण्याची झडप, डाव्या दंडावर सोडण्याची. आत लोकरीचे किंवा कृत्रिम तंतूंचे कपडे घालतात. सुती कपडा घामाने भिजला की ऊब देत नाही.

शिक्षण : दाब व घनफळ यांच्या व्यस्त प्रमाणाचा बॉइलचा नियम (१६६२) शिकाऊ उमेदवाराला पाठ असतो, त्याचा अर्थ मात्र पहिल्या बुडीत अंगावर कळतो. पृष्ठभागावरून १० मीटर खाली जाताना दाब दुप्पट होऊन आतली हवा निम्मी होते, कापडाच्या घड्या कातडीत रुततात आणि हवा घेण्यास विसरलेला नवखा बाहेर येतो तेव्हा त्याच्या दंडांवर व मांड्यांवर लालभडक वळ उमटलेले असतात. म्हणून खाली जाताना छातीवरील बटण थोडे थोडे, अंग आवळणे थांबेपर्यंतच दाबावयाचे, असा शिरस्ता आहे. वर येताना हीच हवा प्रसरण पावते व शेवटच्या १० मीटरांत दुप्पट होते. तेव्हा डावे कोपर उचलून दंडावरील झडप पोशाखातील सर्वांत उंच बिंदू होईल अशी शरीराची ठेवण राखावी लागते. झडप पूर्ण उघडी असूनही हात खाली असल्यास हवा सुटत नाही, हे नवख्यांच्या ध्यानात फार उशिरा येते.

पाय वर गेल्यास गुडघे छातीशी घेऊन अंगाचा गोळा करून पुढे कोलांटी मारावयाची, उभे होताच हवा सोडावयाची. ही कसरत प्रथम जलतरण तलावात करवून घेतात. छातीवरील झडप अडकून हवा आत येतच राहिली, तर नळीची जोडणी तत्काळ सोडवावयाची. जाड हातमोज्यांत बोटांना ती कडी सापडत नाही, म्हणून डोळे मिटून ती चाचपण्याचा सराव देतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर मनगटाची किंवा मानेची कड उघडून हवा सोडणे हा अखेरचा उपाय. त्यात थंड पाणी आत येते, पण वर फेकले जाऊन फुप्फुसे फाटण्यापेक्षा भिजणे परवडते.

पाण्यातील समतोल पोशाखातील हवेने राखावा की उत्प्लावन-जाकिटातील हवेने, याविषयी शिक्षणसंस्थांत एकवाक्यता नाही. जादा शिसे बांधणे सर्वत्र दोष मानले जाते, कारण ते पेलण्यासाठी पोशाखात जादा हवा घ्यावी लागते व तीच पुढे उपद्रव देते. पाडी या संस्थेच्या शिक्षणक्रमात मर्यादित जलातील एक व खुल्या जलातील दोन बुड्या असून किमान वय १० वर्षे आहे. आइसलँडमधील सिल्फ्रा या भेगेत पाणी २ ते ४ अंश सेल्सिअस असते. तेथे उतरणाऱ्या पाणबुड्याकडे ड्राय सूटच्या शिक्षणाचा दाखला किंवा अनुभवाचा पुरावा मागतात.

मानेची कड : लॅटेक्सची कड शंकूच्या आकाराची असते व ती आतील वर्तुळाकार रेघांवरून कात्रीने एकेक रेघ कापून मानेच्या मापास आणतात. दोन रेघा एकदम कापू नयेत. कापलेले परत येत नाही. फार घट्ट कड मानेतील रोहिणीवर दाब देते व माणसास घेरी येते. कडेवर बिनसुवासाची पावडर लावतात, पोशाख बंद करणाऱ्या चेनीला मेण.

महाराष्ट्र : तारकर्ली येथे राज्य पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडी-शिक्षण संस्था आहे, तेथील समुद्र उबदार असल्याने या पोशाखाची गरज पडत नाही.