मेरुरज्जू जिथं संपतो : पाठीतल्या वीतभर जागेचा इतिहास

आजचं व्याख्यान आपल्या पाठीतल्या जेमतेम वीतभर जागेबद्दल आहे. सुरुवात मात्र हॉस्पिटलच्या व्हरांड्यातून करू. आत मेंदुज्वराचा संशय असलेलं मूल आहे. डॉक्टर म्हणतात, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, सही करा. बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "पाठीत सुई नको हो, पाय कायमचे जातात." सही अडते, तपासणी लांबते. आणि मेंदुज्वरात तर एकेक तास मोलाचा.

या भीतीला अडाणीपणा म्हणून आम्ही बाजूला सारणार नाही. मेरुरज्जूला इजा झाली तर पाय जाऊ शकतात, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच, की सुई घालतात तिथं मेरुरज्जू असतो का?

नसतो. मोठ्या माणसात मेरुरज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पाच मणक्यांपैकी पहिल्या-दुसऱ्याच्या आसपास शंकूसारखा निमुळता होऊन संपतो. कण्याची पोकळी मात्र पुढेही खाली जाते. असं का? गर्भ तीन महिन्यांचा असतो तेव्हा मेरुरज्जू ही पोकळी टोकापर्यंत भरून असतो. पुढे हाडं भराभर वाढतात, रज्जू मागं पडतो. जन्माच्या वेळी त्याचं टोक तिसऱ्या मणक्याच्या आसपास असतं, मग आणखी वर गेल्यासारखं दिसतं. पण पायांकडे, मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसा तर आपापल्या मणक्याखालूनच बाहेर पडायला हव्यात. म्हणून त्या लांब होत होत खाली लोंबतात. त्यांचा हा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो. त्याचं लॅटिन नाव 'कॉडा इक्विना', म्हणजे अश्वपुच्छ. फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचे वैद्य आंद्रे द्यू लोराँ यांना सोळाव्या शतकाच्या अखेरीस हे नाव दिल्याचं श्रेय जातं.

नाव तर पडलं, पण या जागेचा उपयोग कुणाला सुचला नाही. जवळजवळ तीनशे वर्षं! त्याचं एक कारण असं, की ही शेपटी पाण्यात तरंगते हेच नीट ठाऊक नव्हतं. शवविच्छेदन करताना आधी डोकं वेगळं करायची पद्धत होती, त्यात ते पाणी वाहून जायचं. १७६४ साली नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी शव उभं ठेवून कमरेपाशी कणा उघडला, तेव्हा आतलं पाणी बाहेर आलं. मेंदूभोवतीचं आणि कण्यातलं पाणी एकमेकांशी जोडलेलं आहे, हे त्यांनी मांडलं.

आता १८८५ साली न्यूयॉर्कला जाऊ. जेम्स लेनर्ड कॉर्निंग यांनी आधी कुत्र्याच्या आणि मग एका माणसाच्या पाठीत कोकेन टोचलं. जागा निवडली छातीच्या अकराव्या-बाराव्या मणक्यांमधली. तिथं तर आत मेरुरज्जू असतो! म्हणून सुई खोल न नेता औषध बाहेरच सोडायचं, रक्तवाहिन्या ते आत पोचवतील, असा त्यांचा हिशेब. पाय बधिर झाले, पण पद्धत रुजली नाही.

लंडनमध्ये वॉल्टर एसेक्स विंटर यांनी क्षयाच्या मेंदुज्वराच्या चार रुग्णांमध्ये कमरेपाशी छेद देऊन नळी घातली. डोक्यातला दाब उतरवायचा हा प्रयत्न होता. चौघंही दगावले. त्याच सुमारास जर्मनीतल्या कील शहरात हाइनरिख क्विंके यांनी छेद न देता, फक्त सुईनं, एकवीस महिन्यांच्या मुलाच्या पाठीतलं पाणी काढलं. ते मूल वाचलं. १८९१ मध्ये त्यांनी ही पद्धत जगापुढे मांडली.

क्विंके यांचा सगळा भर शरीररचनेवर होता. कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून सुई घातली, तर ती रज्जूच्या टोकाच्या खाली राहते. मग तिथल्या नसांचं काय? बादलीभर पाण्यात केसांचा झुबका सोडा आणि त्यात सुई घालून बघा. केस बाजूला सरतात, टोचले जात नाहीत. सहसा तसंच इथं होतं. ही जागा बाहेरून ओळखायची खूण सोपी आहे. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या कडा बोटांनी चाचपायच्या आणि त्या जोडणारी आडवी रेघ मनात ओढायची. ती चौथ्या मणक्याच्या आसपास पडते. पॅरिसच्या त्युफिए यांचं नाव त्या रेघेला आहे.

याच कील शहरात १८९८ च्या ऑगस्टमध्ये आउगुस्ट बीअर यांनी त्या जागेतून कोकेन देऊन शस्त्रक्रिया केली. आठवडाभरानं त्यांनी आणि त्यांचे सहायक हिल्डेब्रांट यांनी हा प्रयोग एकमेकांवर केला. बीअर यांच्या वेळी सुईला पिचकारी नीट बसेना, पाणी आणि औषध दोन्ही सांडलं. हिल्डेब्रांट यांचे पाय मात्र पुरते बधिर झाले. बीअर यांनी नडगीवर हातोडी मारली, सिगारचा चटका दिला, काही कळलं नाही. नंतर दोघांनाही त्रास झाला. बीअर यांचं डोकं इतकं दुखलं, की ते नऊ दिवस अंथरुणात होते. कारण पाणी झिरपत राहिलं होतं. अशी डोकेदुखी आजही काहींना होते, ते लपवायचं कारण नाही. पण पाय जाणं वेगळं. आज सिझेरियनच्या वेळी कमरेखालचं बधिर करतात, ते याच जागेतून.

मग या शेपटीला धोका कशाचा? बऱ्याचदा आपल्याच कण्याचा. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की मणक्यांमधली गादी फाटून बाहेर आली की नसा दाबल्या जातात. गादी मोठी असेल आणि अख्खी शेपटीच दाबली गेली, तर खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तो बधिर होतो, लघवी अडते, पाय लुळे पडू लागतात. कंबरदुखीच्या माणसात यातलं काहीही नव्यानं दिसलं, तर शेक, लेप, मालिश यांत दिवस घालवू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

म्हणजे बघा, पाय जाण्याची भीती आपण बाळगतो ती सुईच्या वेळी, आणि जिथं घाबरायला हवं तिथं "चमक भरली असेल" म्हणून पडून राहतो. पुढं कधी व्हरांड्यात सही अडली, तर डॉक्टरांना जरूर विचारा, सुई कुठल्या मणक्याखाली घालणार? डोक्यातला दाब वाढला असेल तर ते आधी तपासतीलच, त्याबद्दलही विचारा. उत्तर ऐका आणि सही करा.