पेटीवरचा शिक्का आणि घरांतलें मूल



टीव्हीला जोडून खेळावयाचें जें यंत्र बाजारांत कन्सोल या नांवानें मिळतें, तें लहान मुलांच्या घरांत आणावें कीं नाहीं, हा वाद पुष्कळ घरांतून आतां मागें पडला आहे. तें दिवाळीला येतें, वाढदिवसाला येतें, किंवा परदेशांतून येणारा एखादा मामा घेऊन येतो. मग प्रश्न उरतो तो निवडीचा. यंत्र एक आणि त्यावर चालणारे खेळ शेंकडों; त्यांतला कोणता पांच वर्षांच्या मुलीला द्यावा, कोणता दहा वर्षांच्या मुलाला द्यावा आणि कोणता दोघांनाहि देऊं नये? खेळाच्या पेटीवर एक लहानसा शिक्का असतो व त्यांत ३, ७, १२ असा आंकडा किंवा एखादें इंग्रजी अक्षर असतें. पुष्कळ पालक तेवढें पाहतात आणि पैसे मोजतात. हा शिक्का कोणीं काढला, कशासाठीं काढला, आणि तो काय सांगतो व कशाविषयीं मौन पाळतो, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तोच आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेंत झाला. राल्फ बेअर हे १९२२ सालीं जर्मनींत जन्मलेले ज्यू गृहस्थ. नाझी अंमलाच्या जाचामुळें त्यांचें कुटुंब १९३८ सालीं अमेरिकेंत गेलें. पुढें ते न्यू हॅम्पशायर राज्यांतील सँडर्स असोसिएट्स या कंपनींत इंजिनियर झाले. टीव्ही घरोघर आला आहे, तर त्याकडे नुसतें पाहत बसण्यापेक्षां त्याच्याशीं खेळतां येईल काय, हा विचार त्यांच्या मनांत १९६६ सालीं आला. त्यांतून जें यंत्र सिद्ध झालें तें मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें १९७२ सालीं ‘ओडिसी’ या नांवानें विक्रीस आणलें. घरीं खेळावयाचें हें पहिलें व्हिडिओ खेळाचें यंत्र होय.

या ओडिसीची पेटी उघडली असतां आजच्या मुलाला हंसूं येईल. यंत्राला आवाज नव्हता. पडद्यावर कांहीं पांढरे ठिपके व एक रेघ, एवढेंच काय तें दिसे. मैदान, घर, पाणबुडी हें सारें प्लॅस्टिकच्या पारदर्शक चित्रांवर छापलेलें असे व तीं चित्रें टीव्हीच्या कांचेवर लावावीं लागत. पेटींत फांसे होते, पत्ते होते, खोट्या नोटा होत्या. गुण मोजण्याची शक्ति त्या यंत्रांत नव्हती. गुण मांडणें, नियम समजावून सांगणें, कोण जिंकलें तें ठरविणें, हें सर्व माणसांनाच करावें लागे. म्हणजे मुलांच्या शेजारीं कोणी तरी जाणतें माणूस बसलेलें असणें ही त्या खेळाची एक गरजच होती.

त्याच पेटींतील आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. तींत ‘सायमन सेज’ हा लहान मुलांचा आज्ञापालनाचा खेळ होता, अमेरिकेच्या राज्यांची माहिती देणारा एक शैक्षणिक खेळ होता, आणि त्यांच्याच जोडीला ‘रूलेट’ हा जुगारखान्यांतील चक्राचा खेळहि होता. बालवाडी, शाळा आणि जुगाराचें टेबल हीं तिन्ही पहिल्या दिवशींच एका पेटींत एकत्र आलीं. निवडीचा प्रश्न तेव्हांपासूनचा आहे.

पुढील पांच वर्षांत दोन फरक झाले. अटारी कंपनीनें १९७५ सालीं ‘पाँग’ हा टेबल-टेनिससारखा खेळ घरोघर पोंचविला. त्यांत गुण पडद्यावर आपोआप उमटूं लागले. यंत्र हिशेब ठेवूं लागलें तेव्हां हिशेब ठेवणारें माणूस मोकळें झालें व हळूहळू उठून दुसऱ्या कामाला लागलें. दुसरा फरक म्हणजे खेळ यंत्रापासून वेगळा झाला. १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीनें व १९७७ सालीं अटारीनें असें यंत्र काढलें कीं, त्याच्या खांचेंत निरनिराळीं कार्ट्रिजें बसवून निरनिराळे खेळ खेळतां यावेत. यंत्र एकदां घ्यावयाचें, खेळ मात्र वारंवार. त्याबरोबर दुकानाच्या फळीपुढें उभें राहून निवड करण्याचें काम पालकांच्या गळ्यांत पडलें.

तें त्यांना साधलें नाहीं, आणि दोष त्यांचा एकट्यांचा नव्हता. १९७९ सालीं अटारींतून बाहेर पडलेल्या कांहीं कसबी लोकांनीं ॲक्टिव्हिजन ही स्वतंत्र कंपनी काढली व उत्तम खेळ केले. त्यांचें यश पाहून ज्यांना या कलेचा गंधहि नव्हता असे पुष्कळ व्यापारी बाजारांत उतरले. १९८२ सालीं तर त्याच यंत्रावर चालणारे अश्लील खेळहि निघाले. त्याच वर्षीच्या नाताळासाठीं ‘ई. टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरून अटारीनें सुमारें पांच आठवड्यांत एक खेळ घाईनें तयार करविला. पेटीवरचें चित्र मोहक होतें, आंतील खेळ मात्र मुलांना कंटाळा आणणारा निघाला. पेटीवरील चित्रावर विश्वास ठेवून फसलेलीं माणसें पुन्हां फिरकलीं नाहींत आणि १९८३ सालीं तो सारा धंदा कोसळला. न विकलेला माल अटारीनें न्यू मेक्सिको राज्यांतील आलामोगोर्डो गांवाजवळ कचऱ्याच्या खाणींत पुरला. २०१४ सालीं ती जागा खणली तेव्हां ‘ई. टी.’चीं कार्ट्रिजें खरोखरच बाहेर निघालीं.

या पडझडींतून पहिला शिक्का जन्मास आला. निन्टेंडो ही जपानांतील क्योटो येथें १८८९ सालीं पत्ते करण्यासाठीं निघालेली पेढी. तिनें आपलें यंत्र १९८३ सालीं जपानांत व १९८५ सालीं अमेरिकेंत आणलें. अमेरिकन दुकानदार पोळलेले होते, म्हणून निन्टेंडोनें यंत्रांत व कार्ट्रिजांत एकमेकांस ओळखणारी चिप बसविली. परवानगीवांचून केलेला खेळ यंत्र चालूच देत नसे. बाहेरच्या कंपनीनें वर्षाकांठीं पांचांहून अधिक खेळ काढूं नयेत असाहि निर्बंध घातला. परवानगी मिळालेल्या पेटीवर गुणवत्तेचा शिक्का छापला जाई. त्या शिक्क्याचा खरा अर्थ एवढाच कीं, हा खेळ आमच्या संमतीनें निघाला आहे व तो आमच्या यंत्रावर चालेल. पालकांनीं मात्र तो ‘मुलांस योग्य’ असा वाचला. कंपनी रक्तपात व अश्लीलता यांबाबत कडक असल्यामुळें कांहीं वर्षें हा गैरसमज कोणाला फारसा बाधला नाहीं.

तो बाधला १९९३ सालीं. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा हाणामारीचा खेळ त्या वर्षीच्या १३ सप्टेंबरला घरगुती यंत्रांसाठीं निघाला. त्यांत पराभूत माणसास क्रूरपणें ठार करण्याचे देखावे होते. निन्टेंडोनें आपल्या प्रतींतील रक्त काढून त्या जागीं घामाचे करडे थेंब दाखविले. तिची प्रतिस्पर्धी सेगा कंपनी. तिच्या प्रतींत मात्र गुप्त क्रमानें किल्ल्या दाबल्या कीं रक्त दिसे, आणि सेगाचीच प्रत अधिक खपली. अमेरिकन सिनेटर जोसेफ लीबरमन यांच्या कचेरींतील एका सहकाऱ्याच्या मुलानें घरीं हाच खेळ मागितला. खेळ पाहून बाप चकित झाला व त्यानें ती गोष्ट लीबरमन यांच्या कानांवर घातली. एका घरांतला हा हट्ट अशा रीतीनें कायदेमंडळापर्यंत गेला.

९ डिसेंबर १९९३ रोजीं लीबरमन व हर्ब कोल या सिनेटरांच्या पुढाकारानें जाहीर चौकशी झाली. निन्टेंडो व सेगा यांच्या अधिकाऱ्यांनीं तेथें एकमेकांच्या कंपन्यांवर दोषारोप केले. वादांत सांपडलेला ‘नाइट ट्रॅप’ हा दुसरा खेळ आमच्या यंत्रावर कधींहि येणार नाहीं, असें निन्टेंडोच्या अधिकाऱ्यानें ठासून सांगितलें. पुढच्याच वर्षीं निन्टेंडोच्या यंत्रावर ‘मॉर्टल कॉम्बॅट’चा दुसरा भाग रक्तासह निघाला, आणि ‘नाइट ट्रॅप’ २०१८ सालीं निन्टेंडोच्याच ‘स्विच’ यंत्रावर विक्रीस आला. व्यापाऱ्याच्या प्रतिज्ञेवर घरानें किती विसंबावें, याचा हा नमुना आहे.

सरकारनें कायदा करण्याआधीं आपणच व्यवस्था करावी या हेतूनें या धंद्यानें १९९४ सालीं एंटरटेनमेंट सॉफ्टवेअर रेटिंग बोर्ड ही संस्था स्थापिली. ‘ई’ म्हणजे सर्वांसाठीं, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षें व त्यापुढें, ‘एम’ म्हणजे सतरा वर्षें व त्यापुढें, हीं अक्षरें तिचीं. दहा वर्षांवरील मुलांसाठीं निराळी खूण २००५ सालीं निघाली. जपानांत २००२ सालीं व युरोपांत २००३ सालीं अशाच संस्था निघाल्या. ३, ७, १२, १६ व १८ हे आंकडे ‘पेगी’ या युरोपीय संस्थेचे. आपल्याकडील दुकानांत येणाऱ्या पेट्यांवर बहुधा यांपैकींच एखादा परकी शिक्का असतो.

हा शिक्का ठरतो कसा? पेटींतून विकावयाच्या खेळाबाबत अमेरिकन संस्थेची रीत अशी कीं, खेळांत आक्षेपार्ह काय आहे याची प्रश्नावली कंपनीनें भरून द्यावी व त्यांतील अतितीव्र प्रसंगांची चित्रफीत पाठवावी. परीक्षक ती पाहून शिक्का ठरवितात. पडद्यावर हिंसा, शिवीगाळ, अश्लीलता किंवा भीतिदायक दृश्यें कितपत आहेत, तें हा शिक्का सांगतो, आणि हें काम तो प्रामाणिकपणें करतो. परंतु खेळ मुलाला झेपेल कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं. ‘३’ हा आंकडा बुद्धिबळाच्या खेळावरहि असूं शकतो. त्यावरून तीन वर्षांचें मूल बुद्धिबळ खेळेल असें कोणी समजूं नये. खेळांतील सूचना समजण्यास किती इंग्रजी यावें लागतें, हेंहि त्यांत नसतें, आणि मराठी घराला तर ही अडचण पहिल्या दिवशींच भेटते. खेळ इंटरनेटला जोडला म्हणजे जे अनोळखी लोक मुलाशीं बोलूं लागतात, त्यांच्या भाषणाची हमी हा शिक्का घेत नाहीं. अमेरिकन संस्था तर तसें स्पष्ट छापते.

पैशाच्या बाबतींत हा अपुरेपणा फार उघडा पडला. फुटबॉलच्या एका प्रसिद्ध खेळावर, ‘फिफा’वर, युरोपांत ‘३’ हा शिक्का असे. त्यांत रक्त नाहीं, शिवी नाहीं. तेव्हां शिक्का आपल्या नियमानें बरोबरच होता. परंतु त्याच खेळांत खऱ्या पैशांनीं बंद पाकिटें विकत घेतां येत, आणि आंत कोणता खेळाडू निघेल तें नशिबावर असे. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं अशा पाकिटांना जुगार ठरविलें, व २०१९ च्या जानेवारींत कंपनीनें त्या देशांत त्यांची पैशानें विक्री बंद केली. खेळांत पैसे खर्च होतात अशी सूचना पेट्यांवर २०१८ पासून, व सोडतीसारखी खरेदी आहे अशी सूचना २०२० पासून येऊं लागली. ओडिसीच्या पेटींतील जुगाराचें चक्र असें जवळजवळ पन्नास वर्षांनीं पुन्हां मुलांपुढें फिरूं लागलें, आणि तेंहि ‘तीन वर्षें’ या शिक्क्याखालीं.

सरकार हें ओझें उचलील काय? अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यानें अज्ञान मुलांना हिंसक खेळ विकण्यास बंदी करून पाहिली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २७ जून २०११ रोजीं सात विरुद्ध दोन मतांनीं तो कायदा रद्द ठरविला. खेळाला पुस्तकाप्रमाणेंच भाषणस्वातंत्र्याचें संरक्षण आहे, असें न्यायालयाचें मत पडलें. निवड पुन्हां घराकडे आली.

आपल्याकडे १९९० नंतरच्या काळांत जपानी यंत्राच्या स्वस्त नकला शहरोशहरीं मिळत. एका कार्ट्रिजांत शेंकडों खेळ असल्याचें वर छापलेलें असे, आणि प्रत्यक्षांत तेच पंधरा-वीस खेळ फिरून फिरून येत. त्यांवर कोणताच शिक्का नव्हता. तरीहि पालकांना फारशी चिंता वाटली नाहीं, कारण घरांत टीव्ही एक, तो बैठकीच्या खोलींत, आणि मुलें खेळत असतां आजी भाजी निवडीत तेथेंच बसलेली. तिची नजर हाच शिक्का होता. २०१७ सालीं निघालेलें ‘स्विच’ यंत्र टीव्हीपासून काढून हातांत घेऊन कोपऱ्यांत बसतां येतें. तेव्हां ती नजर आतां मुद्दाम ठेवावी लागेल.

या इतिहासावरून मला जें दिसतें तें असें. हिशेब ठेवणारें माणूस मुलांच्या शेजारून उठलें, त्याची रिकामी जागा भरण्यासाठीं शिक्के काढले गेले, आणि प्रत्येक शिक्का एखादें संकट ओढवल्यानंतर त्या संकटापुरताच निघाला. म्हणून शिक्का अवश्य वाचावा. त्याखालील बारीक अक्षरें तर आंकड्याहून अधिक लक्ष देऊन वाचावीं. खरेदीची सूचना असेल तर यंत्राला पिन लावून पैशाची वाट बंद करावी. परंतु निवड करतांना आधीं हें पाहावें कीं, या खेळांत दुसऱ्या माणसाला जागा आहे काय. ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ या शर्यतीच्या खेळांत लहान मुलाची गाडी रस्त्याबाहेर जाऊं नये अशी सोय आहे, त्यामुळें पांच वर्षांची नात व आजोबा एकाच शर्यतींत धावूं शकतात. शिवाय शर्यत कांहीं मिनिटांत संपते, म्हणून जेवणाची हांक आल्यावर भांडण होत नाहीं. ‘स्निपरक्लिप्स’ या खेळांत दोघांनीं कागदी आकृत्या एकमेकांच्या साह्यानें कातरून कोडें सोडवावयाचें असतें. एकाची घाई दोघांना नडते, आणि ही शिकवण वर्गांत देण्यास मला पुष्कळ दिवस लागत.

शेवटीं, खेळ मुलाच्या हातीं देण्यापूर्वीं एक संध्याकाळ तो आपण स्वतः खेळावा. हात चुकतील, मुलें हंसतील, तें हंसूं द्यावें. शाळेंत मीं हें नेहमीं पाहिलें आहे कीं, पुस्तक वाचून ‘हें तुला नको’ म्हणणारा शिक्षक आणि नुसतें मुखपृष्ठ पाहून तसें म्हणणारा शिक्षक, यांतला भेद मुलांना तात्काळ कळतो. पहिल्याचें तीं कुरकुरत कां होईना ऐकतात. दुसऱ्याचें ऐकत नाहींत, आणि पुढें मोठ्या गोष्टींतहि त्याचें ऐकेनाशीं होतात. खेळाची निवड चुकली तर थोडे पैसे जातील. न पाहतां दिलेल्या होकारानें व न पाहतां दिलेल्या नकारानें घरांतल्या वडील माणसाच्या शब्दाची किंमत जाते, आणि ती परत मिळविण्यास फार वर्षें लागतात.