देवाची जमीन आणि कलेक्टरचे दप्तर

३१ मार्च १९५१ रोजी जुन्या मध्यप्रदेशातील मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. सीर-खुदकाश्त आणि राहते घर तेवढे मालगुजारांकडे उरले. त्याच सालचा दुसरा कायदा म्हणजे नागपूर राजधानी असताना झालेला सार्वजनिक न्यास अधिनियम. पहिल्याची हळहळ आपल्या घरांतून अजून ऐकू येते. दुसऱ्याची आठवण क्वचितच निघते. वास्तविक पूर्वजांनी देवाच्या दिवाबत्तीसाठी लावून दिलेल्या शेतांचा हिशोब कोणी कोणाला द्यावा, हे त्यानेच ठरविले.

त्यापूर्वी विश्वस्ताला जाब विचारणे सोपे नव्हते. १९०८ च्या दिवाणी संहितेच्या कलम ९२ प्रमाणे दोघा हितसंबंधीयांनी अ‍ॅडव्होकेट जनरलची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी संमती मिळवून दावा लावावा, हा मार्ग. गावातल्या गावात, बहुधा भाऊबंदांविरुद्धच, असा दावा कोण लावणार?

१९५१ च्या कायद्याने कलेक्टर हाच जिल्ह्याचा न्यास-पंजीयक झाला. न्यासाची नोंदणी, चौकशी, वार्षिक हिशोबतपासणी त्याच्याकडे आली. त्याच्या पूर्वमंजुरीवाचून न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. शेतजमीन सात वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्यावर देता येत नाही. मात्र बेइमान विश्वस्ताला तो स्वतः काढू शकत नाही. त्यासाठी त्याला न्यायालयाकडेच जावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांत दुभंगला. बाघ नदीपलीकडचे आपले सोयरे मुंबई राज्यात गेले आणि १९६० च्या एकीकरण-कायद्यानंतर तिकडच्या देवस्थानांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली. १९७१ नंतर तर विश्वस्ताला निलंबित वा बडतर्फ करण्याचा अधिकारही त्या खात्याला मिळाला. आम्हांला त्या व्यवस्थेचा हेवा वाटतो, तो एवढ्याचसाठी की त्या अधिकाऱ्याचे कामच ते आहे. आमच्या कलेक्टरपुढे निवडणुका, पूर, धानखरेदी. न्यासाची फाइल बहुधा उपविभागीय अधिकाऱ्याच्या टेबलावर जाते आणि तिथेही तिचा क्रमांक शेवटचाच. (पलीकडचेही तारखांना कंटाळलेले असतात, ही गोष्ट निराळी.)

देखरेखीचे दुसरे टोकही आहे. मध्यप्रदेशात देवस्थानच्या जमिनींवर व्यवस्थापक म्हणून कलेक्टरचे नाव चढविण्याची रीत पडली होती. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुजाऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला : जमिनीचा मालक देव; पुजारी केवळ व्यवस्था पाहणारा, म्हणून त्याचे नाव महसुली कागदांत असण्याचे कारण नाही. पण जे मंदिर शासनाच्या मालकीचे नाही, त्याच्या जमिनीवर कलेक्टरचे नावही व्यवस्थापक म्हणून लागू शकत नाही. पुजाऱ्यांना हा निकाल कडू वाटला. आम्हांला त्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. हिशोब तपासणाराच कारभारी झाला, तर त्याचा हिशोब तपासायला उरते कोण? आपल्या घराण्याने दिलेल्या शेताच्या खसऱ्यात आज कोणाचे नाव आहे, हे पटवाऱ्याकडे जाऊन अजूनही पाहता येते.